कशाचे केले आहे, हे विचारायला लाज कसली?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतील प्रश्नोत्तरांच्या सदरात गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारले होते की, रजोनिवृत्तीनंतर येणाऱ्या कोरडेपणावर आणि मंदावलेल्या इच्छेवर उपाय म्हणून मैत्रिणीने व्हायब्रेटर घेण्याचे सुचवले आहे, तर अशी वस्तू आयुष्यात पहिल्यांदा घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर तिची निगा कशी राखावी. उत्तर दोनच वाक्यांचे होते: संकोच बाळगू नये, आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पहिल्या वाक्याबद्दल मी आपले मनापासून अभिनंदन करते. दुसऱ्या वाक्याने मात्र त्या बाईंना जिथून त्या निघाल्या होत्या तिथेच आणून सोडले आहे, कारण हा तज्ज्ञ कोण, कुठे बसतो आणि त्याच्यासमोर हा प्रश्न कोणत्या शब्दांत मांडायचा, हेच तर त्यांना ठाऊक नव्हते.

मी फार्मासिस्ट आहे. कोथरूडमध्ये एकतीस वर्षे औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते आणि तीन वर्षांपूर्वी ते काम थांबवले. असा प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक दुकानात कधी येते हे मला चांगले माहीत आहे. ते दुपारी येते, एक ते चारच्या दरम्यान, जेव्हा शेजारची दुकाने पुणेरी शिस्तीने बंद असतात आणि फुटपाथवर ओळखीचे कोणी नसते. आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या जातात, मग बँडेज, आणि पैसे देता देता खालच्या आवाजात खरा प्रश्न निघतो. निरोध, सॅनिटरी पॅड, गर्भचाचणीची पट्टी हे सर्व मी तीन दशके कागदात गुंडाळून दिले, आणि तो कागद बहुतेक वेळा आपल्याच दैनिकाचा असे. आपल्या कागदाला ज्या वस्तू बाहेरून गुंडाळायला चालल्या, त्यांची माहिती आत छापायलाही चालावी, एवढीच या पत्रामागची माझी भूमिका आहे.

ज्याला आज सर्रास ‘सेक्स टॉय’ म्हणतात त्याला मी पुढे नुसते ‘साधन’ म्हणेन. त्यात लाजण्यापेक्षा सोय अधिक आहे, कारण ‘टॉय’ म्हटले की खेळणे डोळ्यांसमोर येते आणि मग त्याच्या गुणवत्तेची चौकशी करणे कोणालाच गरजेचे वाटत नाही.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक असलेल्या पन्नाशीच्या एक बाई खाज कमी होण्याचे मलम मागायला आल्या. किती दिवसांपासून, कुठे, असे विचारल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग पर्समधून एक खोके काढून त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला, मला दिसेल आणि रस्त्यावरून दिसणार नाही असे ठेवले. खोक्यावर एका परदेशी तरुणीच्या उघड्या खांद्याचा फोटो होता आणि मोठ्या अक्षरांत ‘बॉडी सेफ’ असे छापलेले होते. वस्तू कशाची केली आहे, कोणी आयात केली, कोणत्या देशातून आली, कधी बनली, तक्रार करायची तर कोणाकडे, यांपैकी एक अक्षरही त्यावर नव्हते. झाकण उघडताच वास आला तो जून महिन्यात घडी मोडलेल्या नव्या रेनकोटचा. आतली गुलाबी वस्तू बोटाला चिकटत होती आणि तिच्यावर रुमालाचे बारीक पांढरे तंतू बसले होते. त्यांनी ती दोनदा गरम पाण्याने धुतली होती, तरीही चिकटपणा गेला नव्हता. मलम न देता मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि ती वस्तू टाकून द्यायला सांगितले. त्यावर त्यांनी जे विचारले ते आजही माझ्या कानात आहे: “अहो, पण घेताना हे कळायचं कसं?”

खरे तर आपल्या स्वयंपाकघरात वाढलेल्या कोणाही बाईला किंवा पुरुषाला हे कळण्यासारखे आहे. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात आमटीला चिंच घालू नये, लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच मुरवावे, प्लॅस्टिकच्या डब्यात एकदा मसाला ठेवला की तो डबा दुसऱ्या कशाच्या कामाचा राहत नाही, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. तुळशीबागेत पाच रुपयांची गाळणी घेतानाही आपण ती वाकवून, वास घेऊन, उजेडात धरून पाहतो. नेमकी जी वस्तू शरीराच्या सर्वांत नाजूक त्वचेला लागणार, तिच्या बाबतीत मात्र लाजेपोटी आपण डोळे मिटून पैसे मोजतो.

पाहायचे ते असे. सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, बोरोसिलिकेट काच आणि एबीएस नावाचे कडक प्लॅस्टिक यांचा पृष्ठभाग सच्छिद्र नसतो, म्हणून त्यांवर बसलेली घाण आणि जंतू धुतल्यावर निघून जाऊ शकतात. याउलट टीपीई आणि टीपीआर ही रबरासारखी मऊ प्लॅस्टिके, ‘जेली’ या नावाने विकले जाणारे मऊ प्लॅस्टिक आणि साधे रबर यांना सूक्ष्म छिद्रे असतात. डाग पडलेल्या डब्याप्रमाणे हे पदार्थ आत शोषून घेतात आणि कितीही धुतले तरी सगळे बाहेर सोडत नाहीत. टीपीईमध्ये मऊपणासाठी तेल मिसळलेले असते आणि ते काळाबरोबर पृष्ठभागावर येते. त्या बाईंच्या बोटाला लागलेला चिकटपणा बहुधा तोच असावा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात साफसफाईनंतर चोवीस तासांनीही टीपीईच्या साधनावर एचपीव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या, मऊ सिलिकॉनच्या साधनावर त्या सापडल्या नाहीत. मऊ पीव्हीसीचे दुखणे आणखी वेगळे असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात थॅलेट वर्गातली रसायने घालतात, आणि यांतल्या काही रसायनांचे प्रमाण युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांमध्ये ०.१ टक्क्यावर जाऊ देत नाहीत.

येथे थोडे विषयांतर, पण ते जागेवरचे आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असणे बंधनकारक झाले, म्हणजे बाळाचा खुळखुळासुद्धा आता प्रमाणित असावा लागतो. मोठ्यांच्या या साधनांवर तसे चिन्ह शोधायला जाऊ नये, कारण ते मिळणार नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर या साधनांसाठी आयएसओ ३५३३ हे मानक २०२१ मध्येच तयार झाले आहे. त्यात रचना आणि सुरक्षितता या दोन्हींच्या अपेक्षा सांगितल्या आहेत. एखाद्या उत्पादकाने त्याचा उल्लेख केला असेल तर ती जमेची बाजू मानावी. ‘बॉडी सेफ’ हे शब्द मात्र कोणीही छापू शकतो. त्याऐवजी पदार्थाचे नाव स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे, आणि नुसते ‘सिलिकॉन फील’ असे लिहिले असेल तर ते सिलिकॉन नाही असेच समजावे.

नाव लपवण्याचा हा रोग वस्तूपासून सुरू होऊन कायद्यापर्यंत जातो. अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई करणारी सीमाशुल्क विभागाची अधिसूचना १९६४ सालची आहे. तिच्या आधारे आयात केलेली बॉडी मसाजर यंत्रे ‘सेक्स टॉय’ ठरवून जप्त करण्यात आली, तेव्हा ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सीमाशुल्क विभागाचे अपील फेटाळले. या वस्तूंचा तसा उपयोग होऊ शकेल ही अधिकाऱ्याची कल्पना, ती जप्तीचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. निकाल समंजस आहे. पण त्याची दुसरी बाजू दुकानदाराच्या नजरेतून पाहावी. वस्तू ‘मसाजर’ म्हणून येते, ‘मसाजर’ म्हणून विकली जाते, आणि त्यामुळे सोबतच्या पत्रकात ती खांद्याला आणि पाठीला कशी लावावी एवढेच लिहिलेले असते. शरीराच्या आत वापरायची की बाहेरून, तिला कोणते वंगण चालते, ती उकळावी की नाही, हे लिहायचे तर वस्तूचे खरे नाव घ्यावे लागेल, आणि ते कोणी घेत नाही. आयात केलेल्या बंद खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वजनमापविषयक नियमांनुसार आवश्यक आहे. तो मजकूर नसलेले खोके कितीही स्वस्त असले तरी परत ठेवावे, कारण उघडलेली अशी वस्तू कोणीही परत घेत नाही आणि भांडायचे म्हटले तर समोर माणूसच नसतो.

पहिले साधन लहान, साधे आणि शक्यतो बाहेरून वापरायचे असावे असे माझे मत आहे. दहा प्रकारची कंपने आणि रंगीत दिवे यांचे पैसे वाया जातात. कंपन अगदी मंद करता येते का, हे अधिक महत्त्वाचे, कारण सुरुवात तिथूनच करायची असते. फार जोरात आणि फार वेळ वापरल्यास त्या जागी तात्पुरती बधिरता येते. थांबल्यावर ती जाते, पण पहिल्यांदा अनुभवणारी व्यक्ती घाबरते. गुदद्वारासाठी वापरायच्या साधनाला तळाशी रुंद बैठक असलीच पाहिजे. योनीमार्ग आतून बंद असतो, आतडे तसे नसते, आणि आत सरकलेली वस्तू काढण्यासाठी शेवटी इस्पितळ गाठावे लागते. त्या वेळी लाजेने दोन दिवस घरी काढणे हाच सर्वांत मोठा धोका असतो. आवाजाचाही विचार करावा. आपल्या वन बीएचकेच्या भिंती काही शनिवारवाड्याच्या नाहीत. प्रवासात बटण आपोआप दाबले जाऊ नये म्हणून काही साधनांना कुलूप असते. स्वारगेटच्या फलाटावर बॅग गुरगुरू लागण्याचा प्रसंग ज्यांना टाळायचा असेल त्यांनी ते आहे का हे जरूर पाहावे. मोबाइलवरच्या ॲपने चालणारी साधने मी तरी पहिल्यांदा घेणाऱ्याला सुचवणार नाही. ग्राहकांच्या वापराची माहिती त्यांना नीट न सांगता गोळा केल्याच्या तक्रारीवरून कॅनडातील एका उत्पादकाला २०१७ साली लाखो डॉलर देऊन न्यायालयात तडजोड करावी लागली होती.

वंगणाच्या बाबतीत आपल्या घरांतला हमखास उमेदवार म्हणजे खोबरेल तेल. ते डोक्याला उत्तम आहे. पण कोणतेही तेल लॅटेक्सच्या निरोधाला कमकुवत करते आणि तो फाटतो, त्यामुळे निरोध वापरणाऱ्यांनी तेल, व्हॅसलीन आणि बॉडी लोशन तिन्ही दूर ठेवावीत. सिलिकॉनच्या साधनावर सिलिकॉनचे वंगण लावल्यास पृष्ठभाग खराब होऊ शकतो. म्हणून पहिल्या साधनासोबत पाण्याच्या आधारावर बनवलेले, बिनवासाचे, ‘गरम वाटणारे’ किंवा चवीचे नसलेले वंगण घ्यावे; ते औषधांच्या दुकानात मिळते आणि त्यासाठी चिठ्ठी लागत नाही. वंगणात विरघळलेल्या पदार्थांची दाटी, म्हणजे ‘ऑस्मोलॅलिटी’, फार असेल तर ते त्वचेतलेच पाणी ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी १२०० ची (एकक: mOsm/kg) कमाल मर्यादा सांगितली आहे आणि ३८० च्या आत असल्यास उत्तम म्हटले आहे. उत्पादकाने हा आकडा दिला असेल तर वाचावा, आणि नसेल तर निदान ग्लिसरीन यादीत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर नाही ना, एवढे पाहावे. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाला नुसते वंगण पुरेसे नसेल तर त्यावर डॉक्टरांनी लिहून द्यायची मलमे आहेत, हेही आपल्या सदरात यायला हवे होते.

निगा राखणे मुळीच अवघड नाही, फक्त ते आळस न करता प्रत्येक वेळी करावे लागते, वापरण्याआधी आणि वापरल्यानंतरही. सौम्य, बिनवासाचा साबण आणि कोमट पाणी एवढे बहुतेक वेळा पुरते. जखमेवर लावायचे जंतुनाशक द्रव यासाठी वापरू नये, त्याचा अंश राहिला तर आग होते. मोटर नसलेले संपूर्ण सिलिकॉनचे किंवा स्टीलचे साधन बाळाच्या बाटलीप्रमाणे पाच मिनिटे उकळता येते. मोटर आणि बॅटरी असलेले कधीही उकळू नये. वेष्टनावर आयपीएक्स ७ असे लिहिले असेल तर ते १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकेल असा त्याचा अर्थ, आणि ते नळाखाली निर्धास्त धुवावे. आयपीएक्स ४ असेल तर ते फक्त शिंतोडे सहन करते, म्हणून चार्जिंगची जागा वर धरून ओल्या फडक्याने पुसावे. काचेचे साधन प्रत्येक वेळी उजेडात फिरवून पाहावे आणि कुठे टवका उडालेला दिसला तर त्याचा मोह सोडावा. धुतल्यावर पूर्ण वाळवणे हे पुण्याच्या पावसाळ्यात वाटते तितके सोपे नाही. जुलैमध्ये कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर जी बुरशी येते ती इथेही येऊ शकते, म्हणून तंतू न सोडणाऱ्या सुती कापडाने पुसून, पंख्याखाली वाळवून, मगच स्वतंत्र सुती पिशवीत ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाद्यांच्या घडीत खुपसणे हा आपला राष्ट्रीय उपाय आहे, आणि तो चुकीचा आहे. टीपीई आणि सिलिकॉनच्या वस्तू एकमेकींना चिकटून ठेवू नयेत.

बॅटरी लिथियमची असते. ती महिनोन् महिने पूर्ण रिकामी ठेवली तर मरते, म्हणून न वापरता ठेवायची झाल्यास अर्धी भरून ठेवावी, आणि मोबाइलच्या जलद चार्जरऐवजी सोबत दिलेली तार साध्या चार्जरला लावावी. चार्जिंगचे टोक चुंबकाचे असेल आणि घरात कोणाला पेसमेकर असेल तर ते छातीपासून निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवावे.

एकच साधन दोघांनी वापरायचे असेल तर त्यावर निरोध चढवावा आणि व्यक्ती बदलताना तो बदलावा. मागून पुढे नेतानाही तोच नियम पाळावा, नाहीतर मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. वेदना, रक्त, जळजळ, दुर्गंधीयुक्त स्राव यांपैकी काही झाल्यास वापर थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि कोणते साधन वापरले हेही तिथे सांगावे. एरवी डॉक्टर बिचारे अंधारात तीर मारत बसतात. गरोदरपणात वार खाली असल्याचे निदान झाले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत काहीही वापरू नये.

संपादक महोदय, मी हे लिहिते आहे ते कर्वे रस्त्यापासून चार पावलांवर बसून. या रस्त्याला ज्या महर्षींचे नाव आहे, त्यांच्या मुलाने, म्हणजे र. धों. कर्वे यांनी, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. तरीही उत्तरे देण्याचे त्यांनी थांबवले नाही, आणि ती ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ अशी तीन शब्दांची उत्तरे नसत. आपल्याला आज दंड होण्याची भीती नाही. आपल्याच अंकाच्या शेवटच्या पानांवर ‘गुप्त दुर्बलतेवर खात्रीशीर इलाज’ अशा छोट्या जाहिराती मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. त्या छापताना ज्या संकोचाची अडचण आली नाही, तो आरोग्य पुरवणीतच का यावा, हे मला समजलेले नाही.

त्या भगिनीला आपल्या सदरातून पूर्ण उत्तर द्यावे, आणि ते एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे, अशी विनंती आहे. माझे पत्र छापणार असाल तर कृपया संपूर्ण छापावे. ‘जागेअभावी संक्षिप्त’ करायचेच झाल्यास कर्वे गाळावेत, ते रागावणार नाहीत, पण पदार्थांची नावे आणि खोबरेल तेल ठेवावे. माझे नाव मात्र प्रसिद्ध करू नये. मला स्वतःला त्याचे काही वाटत नाही. पण नावावरून दुकान ओळखू येईल, आणि दुकानावरून ते खोके घेऊन दुपारी आलेल्या बाई.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट,
कोथरूड, पुणे